आल्दाचा कान

"आई, किटली उतरव ना गं. कधीची शिट्टी मारतेय."

स्टेनुनने वळून पाहिलं. किटली ओट्यावर पालथी घातलेली होती आणि शेगडी बंद होती. तिची मुलगी आल्दा स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर कागद पसरून बसली होती, पेन्सिल कानामागे खोचलेली.

"किटली ठेवलीच नाही अजून," स्टेनुन म्हणाली.

आल्दा उठली. तिने फ्रिजची वायर काढली. मग भिंतीवरच्या घड्याळाजवळ जाऊन उभी राहिली. मग दार उघडून बाहेर गेली. ग्रुनाविकला, त्या तळ्याकाठच्या कोळ्यांच्या गावात, नोव्हेंबरच्या सकाळी ऐकण्यासारखं काही नसतं. तळं गोठायच्या बेतात असतं, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात आणि बदकंसुद्धा निघून गेलेली असतात. ती बराच वेळ बाहेर थांबली. आत आली तेव्हा तिचा चेहरा पाहून स्टेनुनने हातातलं काम खाली ठेवलं.

"बाहेरपण आहे," आल्दा म्हणाली.

ती शिट्टी त्यानंतर थांबलीच नाही.

पंचेचाळिशी उलटली की प्रत्येकाला काहीतरी लागतंच, कुणाचा गुडघा तर कुणाची पाठ, हिचा कान, असं गावातल्या बायका म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण आल्दाचं सगळं आयुष्य त्या कानावर उभं होतं. ती चित्रं काढायची आणि संगीत रचायची, आणि ही दोन वेगळी कामं आहेत असं तिला कधी वाटलं नव्हतं. दोन्ही एकाच गोष्टीतून निघाली होती. ती गोष्ट तिला तिच्या बापाने, गेस्तुरने, दिली होती; ती शाळकरी पोर असताना, गोठलेल्या तळ्यावर.

ग्रुनाविकचे कोळी हिवाळ्यात बर्फाखाली जाळी लावतात. आधी एक भोक पाडायचं आणि त्यातून एक लांब लाल फळी पाण्यात सोडायची. फळी तरंगते आणि बर्फाला खालून चिकटून राहते. तिला लोखंडी हात असतो आणि त्या हाताला दोरी. भोकापाशी उभा असलेला माणूस दोरी ओढतो, तसा तो हात बर्फाला खालून रेटा देतो आणि फळी थोडी पुढे सरकते. ओढ, सोड. ओढ, सोड. दर वेळी खालून ठक असा आवाज येतो. फळी पुरेशी लांब गेली की ती असेल तिथे दुसरं भोक पाडून तिला बाहेर काढायची. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली की तिच्यामागे जाळं ओढून घ्यायचं. सगळी मेख एकाच ठिकाणी आहे. वरून काही दिसत नाही. बर्फ पांढरा आणि त्यावर हिम साचलेलं. फळी कुठे चाललीय हे कुणीतरी वर चालत चालत ऐकावं लागतं. आणि दोरी ओढून फळी मागे येत नाही. जितकी ओढाल तितकी ती पुढेच जाते.

फळीमागे एकानेच चालायचं, असा तिथला रिवाज. बाकीच्यांनी असतील तिथे उभं राहायचं, खोकला आला तर गिळायचा, आणि काही झालं तरी चालणाऱ्याला सांगायचं नाही. दोन माणसं ऐकायला लागली की दोघांना दोन ठिकाणी ऐकू येतं, वाद होतो, आणि वाद मिटेपर्यंत फळी कुठल्या कुठे गेलेली असते. गेस्तुरच्या बापाने अशीच एक फळी मेव्हण्याच्या ओरडण्यापायी घालवली होती. ती वसंतात बर्फ फुटल्यावर पलीकडच्या काठाला सापडली. मेव्हण्याशी बोलणं मात्र पुढे कधी सुरू झालं नाही.

गेस्तुरने एकदा गंमत म्हणून पोरीला फळीमागे सोडलं. ती वाकून, कानटोपी एका बाजूने वर सरकवून चालत गेली आणि एका जागी थांबून पाय आपटला. त्याने तिथे पहार घातली, तर फळी बरोबर खाली. पुढच्या वेळी तसंच. त्यानंतर त्याने दुसऱ्या कुणाला ते काम दिलं नाही. शेजारचा लारुस त्याच्याबरोबर मासे धरायचा. तो म्हणायचा, "गेस्तुर, तुझी पोरगी उधार दे. माझ्या पोराला हाक मारलेली ऐकू येत नाही, फळी काय ऐकणार."

स्टेनुन ते सगळं काठावरून बघायची. ती विनिपेगला कॉलेजात शिकलेली, गावच्या शाळेत शिकवायची, आणि बर्फाची भीती तिच्या मनातून कधी गेली नव्हती. कॉफीचा थर्मास घेऊन ती काठाला उभी राहायची आणि दूरवर चाललेल्या त्या छोट्या आकृतीवरून नजर हलवायची नाही. जणू नजर हलली तर खालचा बर्फही हलेल.

घरी आल्यावर आल्दा मासे गुंडाळायच्या तपकिरी कागदावर त्या दिवशीची चाल काढायची. फळी जशी वळली तशी रेघ, आणि प्रत्येक ठकला एक ठिपका. लारुसने मधे थांबून तपकीर ओढली असेल तर तिथे मोकळी जागा. मग चमचा घेऊन ती तो कागद टेबलावर वाजवून दाखवायची. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंकडे तिला शिकायला घातलं, तर बाई म्हणाल्या, मुलगी वाजवते छान, पण दोन सुरांच्या मधे फार वेळ थांबते. स्टेनुनला वाटलं ही तक्रार आहे आणि तिने मुलीला घरी समजावलं. आल्दाने ऐकून घेतलं आणि आणखी थांबायला लागली.

विनिपेगच्या कला महाविद्यालयात ती गेली ती चित्रं शिकायला. तिथून माँट्रियलला गेली आणि बरीच वर्षं तिथेच राहिली. कपडे धुण्याच्या दुकानावरच्या खोलीत ती भिंतभर लांबीचे कागद पसरून त्यांवर निळ्या-काळ्या शाईच्या रेघा काढायची. ते कागद सभागृहात टांगायचे, आणि वाजवणाऱ्यांनी त्यांच्या बाजूने चालत, दिसेल तसं वाजवत जायचं. पहिल्या कार्यक्रमाला ऐकणाऱ्यांपेक्षा वाजवणारे जास्त होते. गेस्तुर लग्नात घातलेला कोट घालून आला, पुढच्या रांगेत बसला आणि झोपला. स्टेनुन जागी होती. ती त्या कागदावर किनारा शोधत होती. रेघ निघते, भटकते, वळते, पण काठ कुठेच नाही. कार्यक्रम संपल्यावर तिने मुलीला तसं विचारलंसुद्धा. आल्दा हसून म्हणाली, "आई, कागद संपतो ना, तोच काठ."

एक चेलो वाजवणारा माणूस काही वर्षं तिच्याबरोबर राहिला आणि मग राहिला नाही. स्टेनुनने कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की काय, याची तिला जास्त भीती वाटली. गावात बायका विचारायच्या, तुझी आल्दा नक्की करते तरी काय? ज्यांच्या घरी भिंतीवर चित्रं होती त्यांना स्टेनुन सांगायची, चित्रकार आहे. ज्या चर्चमध्ये गायच्या त्यांना सांगायची, संगीतकार आहे. दोन्हीकडच्या बायका नाताळच्या कॉफीला एकत्र आल्या की ती विनार्तेर्ता कापायला आत निघून जायची आणि त्या प्लमच्या केकचे थर उगाच मोजत उभी राहायची.

हळूहळू नाव झालं. फार मोठं नाही, पण ज्यांना अशा गोष्टी कळतात त्यांच्यात झालं. एका संग्रहालयाने तिचा एक कागद घेतला. नॉर्वेत तिची रचना वाजवली गेली. रेडिओवर एकदा अर्धा तास तिची मुलाखत झाली. तीत ती म्हणाली की मी सूर लिहीत नाही, मी सुरांमधली जागा लिहिते. गेस्तुर रेडिओजवळ बसून ऐकत होता, दातात साखरेचा खडा धरून त्यातून कॉफी पीत. तो म्हणाला, "बरोबर आहे. लारुस तपकीर ओढायचा ती."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेस्तुर होडीच्या शेडमध्ये जाळं विणता विणता गेला. आल्दा अंत्यविधीला आली आणि परत गेलीच नाही. तिने ती शेड झाडली, बापाच्या जाळ्यांच्या शेजारी आपले कागद टांगले आणि हिवाळ्यात बर्फाखाली मायक्रोफोन सोडायला लागली. गोठलेलं तळं बोलतं, कण्हतं, लांबवर कुठे तडा गेला की त्याची तार छेडल्यासारखी गावापर्यंत पोचते. ती दिवस दिवस ते ऐकायची आणि काढायची. स्टेनुनला वाटलं, पोर घरी आली. आता काळजी संपली.

आणि मग ती किटली.

डॉक्टर झाले. विनिपेगचे झाले, टोरांटोचे झाले. कान आतून-बाहेरून बघितले, डोकं यंत्रात घालून बघितलं. ऐकू उत्तम येतंय, असं सगळ्यांनी सांगितलं. आवाज कानात नाहीच, मेंदू तयार करतोय; का करतोय ते सांगता येत नाही, बंद करता येत नाही, सवय होते लोकांना. शेवटच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी आल्दाला विचारलं, तुम्ही काम काय करता? आल्दाने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि काही वेळ काहीच लिहिलं नाही. स्टेनुनला त्या पेन खाली ठेवण्याचा राग आला. तेवढं तरी लिहायला नको होतं का.

आई म्हणून तिला सुचेल ते तिने केलं. गरम कांदा मोज्यात घालून कानाला बांधला. मीठ सोडायला लावलं, कॉफी सोडायला लावली. लहानपणी पोरीचा कान फुटायचा तेव्हा आपण वेळेवर डॉक्टरकडे नेलं नाही, म्हणून हे झालं असेल का, हे ती प्रत्येक डॉक्टरला एकट्यात गाठून विचारायची. प्रत्येक जण नाही म्हणायचा आणि तिचा एकावरही विश्वास बसायचा नाही. मग तिने घर शांत करायचं मनावर घेतलं. घड्याळ काढून ठेवलं. फ्रिज बाहेरच्या खोलीत हलवला. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे तुकडे चिकटवले, स्वतः घरात मोज्यांवर चालायला लागली, शेजारच्यांना कुत्रा बांधून ठेवायला सांगितलं. तीन आठवडे घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि आल्दाचा चेहरा दिवसेंदिवस ओढत चालला. शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हा कळलं की शांतता हीच सगळ्यात वाईट. आजूबाजूला आवाज नसला की आतला वाढतो.

स्टेनुनने त्याच दुपारी घड्याळ परत लावलं, पंखा लावला, रेडिओ लावला, बटाटे सोलता सोलता गायला लागली. आल्दा शेडमधून आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू दमशील गं." एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लारुस एव्हाना म्हातारा झाला होता. रोज कॉफीला यायचा. तो म्हणाला, "माझ्या बायकोचं बोलणं चाळीस वर्षं माझ्या कानात वाजतंय, मला कुणी टोरांटोला नेलं नाही."

"लारुसकाका, काकू झोपल्यावर तरी थांबते ना," आल्दा म्हणाली.

"कुठली? झोपेत जास्त."

तिघंही हसली. स्टेनुन हसता हसता आल्दाच्या पुढ्यातला कागद बघत होती. त्यावर रेघा होत्या, ठिपके होते, सगळं दाट. आधीच्या कागदांवर असायच्या तशा मोकळ्या जागा कुठेच नव्हत्या. लारुस गेल्यावर आल्दाने तो कागद गुंडाळून चुलीत घातला. "जागाच सापडत नाही," ती म्हणाली. "मी थांबते, आणि तिथे ती शिट्टी असते. रिकामं काही उरलंच नाही बघ माझ्याकडे."

एक अख्खा हिवाळा आणि एक उन्हाळा तिने काहीच केलं नाही. मग शरद ऋतूत शहरातल्या एका संगीत मंडळाचं पत्र आलं. फेब्रुवारीत ग्रुनाविकच्या तळ्यावरच तिची नवी रचना व्हावी अशी त्यांची इच्छा होती. आल्दा नाही म्हणेल याची स्टेनुनला खात्री होती. ती हो म्हणाली.

रचना साधी होती. लारुस भोकापाशी उभा राहून फळी चालवणार. आल्दा वरून तिच्यामागे चालणार, हातात राखेचं भांडं घेऊन, आणि हिमावर राखेची रेघ ओढत जाणार. गाणारे पाच जण तिच्या मागे, रेघ वळेल तसं गात. आणि शेवटी ती थांबेल तिथे पहारीने भोक पाडायचं, आणि पाण्यातून लाल फळी वर यायची. तोच शेवटचा सूर.

"पण तुला ऐकू येईल का?" स्टेनुनने विचारलं.

"तेच बघायचंय."

"लोकांसमोर? आधी आपण दोघी जाऊन बघू. लारुसला सांगते मी. कुणी नसताना."

"कुणी नसताना मी स्वतःला फसवेन, आई. तू पण फसवशील मला." आल्दा शांतपणे बोलत होती. "फळी सापडली तर मी काम करत राहीन, शिट्टी असू दे नाहीतर काहीही असू दे. नाही सापडली तर मग कळेल तरी."

"काय कळेल?"

आल्दा उठली. तिने आईच्या खांद्यावरची शाल नीट केली, जशी लहान मुलाची करतात.

दुसऱ्या दिवशी स्टेनुन लारुसकडे गेली. कानात शिट्टी वाजते एवढं गावाला ठाऊक होतं; पण तिच्यापायी फळीची ठक ऐकू येईल की नाही याचीच शंका आहे, हे लारुसला सांगावं लागलं. तू दोरी जरा जोरात ओढशील का, तिने विचारलं, म्हणजे ठक मोठी होईल. जोरात ओढली की फळी लांब उडी मारते, तो म्हणाला, मोठी वाजत नाही. उलट पोरीला धावावं लागेल. मग हळू ओढशील का? हळू ओढली तर वाजणारच नाही. मग फळीला एखादी घंटा बांधली तर? लारुसने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"मग चुकली तर तू तरी सांगशील ना तिला?"

"मी भोकापाशी, तिच्याकडे पाठ करून. मला काय कळणार?" आणि मग थोड्या वेळाने, "आणि कळलं तरी सांगायचं नसतं, स्टेनुन. तुला ठाऊक आहे. गेस्तुरने कधी सांगितलं का तिला? ती पोर असताना?"

"तेव्हा सांगायची वेळच आली नाही रे."

लारुस तिला सोडायला दारापर्यंत आला आणि एवढंच म्हणाला की पायात जाड काहीतरी घाल, तू तासभर उभी राहणार आहेस.

कार्यक्रमाच्या दिवशी वारा नव्हता. आभाळ निळंभोर, थंडी उणे पंचविसाच्या खाली. शहरातून बस भरून माणसं आली होती, आणि गावातलीही बरीच. सगळ्यांना लांब एका बाजूला उभं राहायला सांगितलं होतं; चालायचं असेल तर गाणाऱ्यांच्या बरंच मागून. लारुसने फळी पाण्यात सोडली, दोरी हाताला गुंडाळली आणि पाठ फिरवली.

पहिली ठक आली. स्टेनुनला ती कानाने आली की बुटाच्या तळव्यातून, सांगता येईना, पण आली. आल्दा कानटोपी एका बाजूने वर सरकवून वाकली. दुसरी ठक. ती निघाली. तिच्या हातून राखेची बारीक धार हिमावर पडत गेली आणि मागून गाणाऱ्यांनी एकच खालचा सूर धरला. ठक. ती जराशी उजवीकडे झाली; फळीही उजवीकडेच होती. स्टेनुन गर्दी सोडून पुढे आली. कुणी तिला अडवलं नाही. आई आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ती एका बाजूने, मुलीच्या पायांकडे बघत, खालचा आवाज ऐकत चालत राहिली आणि मनात म्हणत राहिली, बरोबर आहे, बरोबर, अशीच जा.

बऱ्याच वेळाने आल्दा थांबली. तिने डोळे मिटले. खाली ठक झाली, मग आणखी एक. आल्दा तशीच. तिने डोकं एकीकडे कलवलं, मग दुसरीकडे. मग ती निघाली, ती डावीकडे.

फळी उजवीकडे चालली होती.

स्टेनुन जागच्या जागी उभी राहिली. ठक तिच्या पायाखाली झाली. ती फळीच्या अगदी वर उभी होती. आल्दा दूर चालली होती, आणि तिची चाल आता डळमळीत नव्हती. ती ठाम पावलं टाकत होती, काहीतरी ऐकत असल्यासारखी, आणि कदाचित ऐकतही होती. राखेची रेघ तिच्या मागे सुंदर वळण घेत गेली. गाणारे वळले. त्यांचे आवाज वर चढले, एकमेकांपासून सुटले, आणि त्या थंडीत ते इतके स्वच्छ ऐकू आले की मागे उभ्या असलेल्या बायांपैकी कुणीतरी डोळे पुसले. स्टेनुनलाही कळलं की हे चांगलं आहे. तिच्या मुलीचं इतकं चांगलं काही तिने आजवर ऐकलं नव्हतं, आणि ते चुकीच्या दिशेला चाललं होतं.

हात वर केला असता तर पुरे होतं. आल्दाने मान वळवली असती, पाहिलं असतं. पाय आपटला असता तरी चाललं असतं. स्टेनुनचे हात कोटाच्या खिशात होते, आणि ते तिने तिथेच ठेवले. ठक पुन्हा झाली, जरा पुढे. गावातले दोघे-तिघे म्हातारे कोळी गर्दीच्या कडेला उभे होते; त्यांनाही कळलं होतं. ते बर्फाकडे बघत होते. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

आल्दा ज्या बाजूला चालली होती तिकडे बर्फाच्या दोन थाळ्या एकमेकींवर चढून उंचवटा झाला होता. तिथे बर्फ कधी कधी पातळ असतो. स्टेनुनने ते पाहिलं आणि मग तिला उभं राहवेना. ती त्या ठक सोडून, जमेल तितक्या भराभर, मुलीच्या मागे निघाली. धाप लागली. बुटाखाली हिम करकरत होतं आणि तिला स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येईनासं झालं.

उंचवट्याच्या अलीकडेच आल्दा थांबली. तिने हात वर केला. दूर भोकापाशी कुणीतरी लारुसला खूण केली, आणि रिवाजाप्रमाणे त्याने दोरी ओढणं बंद केलं. गाणारे एक एक करून थांबले. आल्दाने राखेचं भांडं खाली ठेवलं, बापाची पहार घेतली आणि बर्फ फोडायला लागली. कपच्या उडाल्या, मग पाणी काळं होऊन वर आलं. सगळे वाकून बघत होते.

पाण्यात काही नव्हतं.

आल्दा गुडघ्यांवर बसली. तिने हातमोजा काढला आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घालून बर्फाच्या खालून चाचपलं. एकीकडे, मग दुसरीकडे. लोक अजून श्वास धरून होते. त्यांना वाटत होतं हे असंच असेल. स्टेनुन तिच्याजवळ पोचली. आल्दाने मान वर केली. तिने नुसत्या डोळ्यांनी नाही, तोंडाने विचारलं, हळू, फक्त आईला ऐकू जाईल असं.

"कुठे आहे?"

आता तिने विचारलं होतं. विचारल्यावर सांगायला कुठल्याच रिवाजाची आडकाठी नव्हती. स्टेनुन वळली. ती जिथे उभी राहिली होती, पायाखाली ठक झाली होती, ती जागा दाखवायला तिने हात उचलला. मागे सगळं हिम तुडवलेलं होतं. गाणारे, बसमधून आलेली माणसं, सगळी मागोमाग इथवर आली होती. तिची पावलं त्यांच्यात कुठली, आणि ती कुठून वळली, काहीच कळेना. तिने कान दिला. खाली काही वाजत नव्हतं.

"आत्ताच होती गं," ती म्हणाली. "मी वरच उभी होते तिच्या. मग तू इकडे..."

"तुला ऐकू येत होती?"

"हो."

"म्हणजे वाजत होती." आल्दाने पाण्यातला हात बाहेर काढला. "आणि आता? वाजतेय?"

"नाही. आता थांबलीय. आता काहीच नाहीये, बाळा. अगदी शांत आहे."

आल्दाने मान हलवली, कुणी परगावचं काहीतरी सांगावं आणि आपण विश्वास ठेवावा तशी. मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या, जाड हातमोज्यांतून, धपधप. आल्दाची बाही हवेत कडक व्हायला लागली होती. स्टेनुनने तिचा ओला हात ओढून आपल्या कोटाच्या आत घेतला, काखेत धरला, आणि दोन्ही हातांनी वरून चोळत राहिली. हात लाल झाला होता. तिने चोळणं थांबवलं नाही.

लारुस दोरीचं टोक भोकापाशी अडकवून त्यांच्याकडे चालत येत होता; दोरी पुरती सरली होती, आता ओढून ठक निघणार नव्हती. जवळ आला तेव्हा त्याने रिकाम्या भोकात पाहिलं, मग भोवतालच्या पांढऱ्या तळ्याकडे पाहिलं, आणि दुसरं भोक कुठे पाडायचं ते विचारलं. अंधार पडायच्या आत फळी बाहेर काढायला हवी होती. दोघींपैकी कुणालाच ते सांगता येत नव्हतं.